माझी खोडलेली सातवी ओळ

“आई, तुझ्या त्या यादीतलं एखादं चुकलेलं आहे का गं?”

मित्रांनो, हा प्रश्न भिंगरीने विचारला खरा, पण तो तिचा नव्हता. तोंड तिचं आणि प्रश्न तिच्या दोन मैत्रिणींचा. शाळा सुटल्यावर त्या दोघी गटाचा तक्ता रंगवायला घरी आल्या होत्या, आणि रंगवायचं सोडून फ्रिजसमोर उभ्या राहून मला मोजत होत्या. उंच मैत्रिणीने वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं.

“एक्केचाळीस,” ती म्हणाली. “एक्केचाळीस, आणि एकही चूक नाही? माझ्या एका निबंधात बाईंनी सतरा लाल गोल केलेत.”

“विचार की काकूंना,” दुसरी म्हणाली. हिला सगळे पिंगी म्हणतात. “नाही विचारलंस तर आठवडाभर माझं दप्तर तू उचलायचं.”

पिंगीच्या दप्तरात काय असतं ते तिलाच ठाऊक, पण ते जमिनीवर ठेवलं की फ्रिज हलतो. भिंगरीने दप्तराकडे पाहिलं, तेवढ्यात आई चहा घ्यायला स्वयंपाकघरात आली, आणि भिंगरीने विचारून टाकलं.

आई हसली. मी आईला ती विद्यार्थिनी असल्यापासून ओळखते, तिची सगळी हसणी मला पाठ आहेत. हे हसू अर्ध्या वाटेत थांबलं. “बघावं लागेल,” एवढंच ती म्हणाली आणि चहा न घेताच आतल्या खोलीत गेली.

“उचल तुझं दप्तर,” भिंगरी पिंगीला म्हणाली. त्या तिघी खिदळल्या. मला मात्र घाम फुटला. कागदाला घाम फुटत नाही हे मला माहीत आहे, पण फ्रिजवर राहणाऱ्या कागदाला फुटतो.

तर आता नीट सांगते. मी एक जुनी यादी आहे. भिंगरीची आई कर्करोगाच्या पेशींवर संशोधन करते, आणि तिचा जो जो शोधनिबंध छापून येतो, त्याची एकेक ओळ माझ्यात भरते. माझ्या प्रती पुष्कळ. एक आईच्या संगणकात, एक तिच्या पिशवीत, एक फ्रिजवर लोहचुंबकाखाली. पण जीव एकच. पिशवीत काय घडलं ते फ्रिजवर कळतं, त्यामुळे घर आणि प्रयोगशाळा या दोन्हींची बित्तंबातमी मला असते.

माझा जन्म एका ओळीचा. आईचा पहिला शोधनिबंध आला तेव्हा त्यात पाच नावं होती आणि तिचं चौथं. तिने कोऱ्या पानाच्या अगदी वर ‘१’ टाकला, पुढे ती ओळ लिहिली आणि पान छापलं. अख्ख्या पानावर एक ओळ आणि खाली मोकळं मैदान. बाबा तेव्हा तिचे नुसते मित्र होते. त्यांनी पान उलटून मागेही पाहिलं आणि विचारलं, “बाकीची कुठेय?” तरी तिने लग्न त्यांच्याशीच केलं, हे विशेष.

आई नेमकं काय शोधते, तेही सांगते. हार्मोन म्हणजे शरीराने रक्तातून धाडलेला निरोप. स्तनाच्या कर्करोगातल्या कितीतरी पेशी असा निरोप मिळाला की वाढतात. औषध देऊन तो अडवला की त्या गप्प बसतात. पण काही पेशी महा चिवट. निरोप येवो न येवो, वाढतच राहतात. मग औषध लागू पडेनासं होतं आणि पेशंटचे हाल सुरू होतात. त्या पेशींना हा हट्टीपणा येतो कुठून, हा आईचा प्रश्न. माझ्या एक्केचाळीस ओळी म्हणजे या एकाच प्रश्नाला घातलेल्या एक्केचाळीस प्रदक्षिणा आहेत.

त्यातली सातवी ओळ माझी सर्वांत लाडकी. मी खोटं कशाला बोलू, होतीच. एका चिमुकल्या प्रथिनाच्या जोरावर या पेशी हार्मोन नसतानाही वाढतात, असं आईने त्यात दाखवलं होतं. तो निबंध छापायला जाण्याआधी शेवटचं वाचायला आला, तेव्हा आई दवाखान्यात होती आणि तिच्या कुशीत दोन दिवसांची भिंगरी होती. बाबा येईल त्याला सांगत, “जुळ्या झाल्यात. एकीला लंगोट लागतो, एकीला स्वल्पविराम.”

सातवीने मला मोठं केलं. दूरदूरच्या प्रयोगशाळा आपापल्या निबंधांत तिचा दाखला देऊ लागल्या. सभांमध्ये आईची ओळख करून देताना लोक सातवीपासून सुरुवात करत. मी फुगले. पण मित्रांनो, एक सल होता. मला कुणी वाचत नसे, सगळे मोजत. पानं मागून पुढे उलटायची, शेवटचा आकडा बघायचा आणि मान हलवायची. एका ओळीमागे पेशी वाढवायच्या किती डिश फुटल्या, किती आठवडे फुकट गेले, किती वेळा आई गाडीत बसून रडली, याची नोंद माझ्यात कुठेच नाही. मी फक्त जिंकलेले सामने सांगते.

आणि याचा त्रास कुणाला व्हावा? भिंगरीला. ती माझ्याखाली उभी राहून वाढली. पाणी प्यायला आली की मी, लोणी काढायला आली की मी. लहानपणी तिला वाटायचं की आईने एवढे पेपर दिलेत म्हणजे बिचारीच्या परीक्षा अजून संपलेल्या नाहीत, आणि ती आईला खोडरबर नेऊन द्यायची. मोठी झाल्यावर कीव गेली आणि धाक आला. गेल्या वर्षी तिला विज्ञानात शंभरात बावन्न मिळाले. त्या दिवशी ती फ्रिजपाशी आली, माझ्याकडे बघत उभी राहिली आणि फ्रिज न उघडताच गेली. तेव्हापासून पुढच्या वर्षीच्या विषयांची गोष्ट निघाली की ती म्हणायची, “विज्ञान नको. ते आईचं खातं आहे, तिथे चुकून चालत नाही.” आई म्हणायची, तुला आवडेल ते घे. पण भिंगरी रात्रंदिवस झाडाझुडपांची, किड्यांची, रक्ताची पुस्तकं वाचते, हे मला इथून दिसतं ना. आवडेल ते ती घेतच नव्हती.

आता त्या प्रश्नाकडे येते. आईचं हसू अर्ध्यात थांबलं, कारण प्रयोगशाळेत तीन महिन्यांपासून एक गोष्ट तिला टोचत होती. तिच्या हाताखाली एक विद्यार्थिनी आहे. ती श्वास घेतला तरी वहीत वेळ लिहून ठेवते, म्हणून भिंगरीने तिचं नाव टिपणताई पाडलंय. तिला सातव्या निबंधाच्या पुढचं काम करायचं होतं आणि त्यासाठी आधी सातवा प्रयोग जसाच्या तसा पुन्हा करायचा होता. तो होईचना.

दुसऱ्या दिवशी ती आईच्या टेबलापाशी आली. मी पिशवीतून डोकं बाहेर काढून ऐकत होते.

“मॅडम, आठव्यांदा झालं. हार्मोन काढलं की पेशी नुसत्या बसून राहतात. प्रथिन असो नसो.” तिचा आवाज अगदी बारीक झाला होता. “माझ्याच हातात काहीतरी दोष आहे.”

“हात दाखव,” आई म्हणाली.

तिने खरंच दोन्ही हात पुढे केले.

“छान आहेत. आता माझी जुनी वही काढ. सातव्याची.”

इथे थोडं समजावून सांगायला हवं. डिशमधल्या पेशींना जेवण म्हणून सीरम घालतात. ते जनावराच्या रक्तातून काढलेलं असतं, त्यामुळे त्यात मुळातच हार्मोन असतं. हार्मोनशिवाय पेशी कशा वागतात हे बघायचं, तर सीरममध्ये कोळशाची बारीक पूड घालून ते तासन्‌तास ढवळायचं. कोळसा हार्मोन शोषून घेतो, मग तो गाळून काढून टाकायचा. गाळलेलं आणि न गाळलेलं सीरम बाटलीत शेजारी ठेवलं तर दोन्ही पिवळसरच दिसतात.

आईच्या प्रयोगशाळेची एक जुनी शिस्त आहे. सीरमच्या प्रत्येक खेपेतली एक छोटी बाटली वापरायची नाही, तिच्यावर तारीख घालून ती कडक थंडीच्या फ्रीजरमध्ये तळाच्या खणात ठेवून द्यायची. तिला म्हणतात साक्षीदार. ही शिस्त आईच्या गुरू असलेल्या मोठ्या बाईंनी घालून दिली. त्या आता निवृत्त आहेत, पण फ्रीजर सांभाळणारे भांडारकाका अजून ती पाळतात.

“सोळा वर्षांपूर्वीचा साक्षीदार?” भांडारकाका म्हणाले. “बाई, लोकांना परवा ठेवलेली बाटली सापडत नाही आणि तुम्ही थेट पूर्वजन्मातली मागताय.” पण त्यांनी जाड हातमोजे चढवले, बर्फ खरवडला आणि दहा मिनिटांत बाटली आणून दिली.

तपासणीला तीन दिवस लागले. बाटलीत हार्मोन होतं. थोडंथोडकं नाही, काठोकाठ. आई त्या कागदाकडे बघत बसली आणि मग तिने जुनी वही उघडली. सीरम गाळण्याच्या सात पायऱ्या, प्रत्येक पायरीपुढे बरोबरची खूण. इतर दिवशी खुणा वेड्यावाकड्या होत्या, बाजूला वेळ लिहिलेली, कुठे डाग पडलेले. त्या दिवशी मात्र सातही खुणा एका ओळीत, एकाच पेनाने, छान सुबक. आणि कोळशाच्या पायरीपुढे वेळच नाही.

घरी आल्यावर तिने जेवणाच्या टेबलावर सगळं सांगितलं. मी समोरच होते.

“तेव्हा मला सकाळी फार उलट्या व्हायच्या,” ती म्हणाली. “अर्धा दिवस तर टेबलाला धरून काढायचे. त्या दिवशी मनाला बरं वाटावं म्हणून मी सकाळीच सगळ्या पायऱ्यांवर खुणा करून ठेवल्या. म्हणजे काम झाल्यासारखं वाटलं. मग कोळसा घालायचा राहिला असणार. खूण होतीच, म्हणून मी पुढे गेले. निम्म्या डिशना आधीची चांगली खेप मिळाली, आणि प्रथिनवाल्या निम्म्यांना नेमकी ही. ज्यांना ही मिळाली त्या वाढल्या, आणि मी श्रेय प्रथिनाला दिलं.”

भिंगरीचा घास हातातच राहिला. “म्हणजे माझ्यामुळे झालं.”

“तुझ्यामुळे उलट्या झाल्या,” आई म्हणाली. “खूण मी केली.”

बाबा दाताच्या कवळ्या बनवतात, त्यांचं छोटं वर्कशॉप आहे. “आमच्या धंद्यात हे बरं असतं,” ते म्हणाले. “कवळी चुकली तर माणूस दुसऱ्या दिवशी येऊन तोंड उघडून दाखवतो. तुमच्या पेशींना सोळा वर्षं तोंडच नव्हतं.”

आई हसली. मग तिचे डोळे भरून आले, आणि बाबांनी तिच्या पानात काहीतरी वाढायचं निमित्त काढलं.

मित्रांनो, वेळ मोठी वाईट होती. आईच्या संस्थेत विभागप्रमुखाची जागा रिकामी झाली होती. दहा दिवसांनी निवड समितीपुढे मी जाणार होते. आईने त्या जागेची सात वर्षं वाट पाहिली होती. प्रमुख झाली की नवीन मुलींना हाताशी धरून कसं शिकवायचं, याच्या किती योजना तिने बाबांना ऐकवल्यात. आणि माझं सगळं वजन सातव्या ओळीवर.

शेजारच्या प्रयोगशाळेतले सर मनाने चांगले. त्यांना कळलं तेव्हा त्यांनी आईला कॉरिडॉरमध्ये गाठलं. “मागे घ्या ना निबंध, कोण नाही म्हणतंय? पण निवड होऊन जाऊ दे. सोळा वर्षं थांबलेली गोष्ट दहा दिवस थांबली तर काय बिघडलं?”

आई पुढे चालू लागली. मी पिशवीत बसून तिच्या पावलांची गती मोजत होते. ती मंद झाली. खरं सांगते, मीही मनात म्हटलं, थांब ना आई, दहाच दिवस. मला सातवीशिवाय जगायची भीती वाटत होती.

त्या संध्याकाळी तिने मोठ्या बाईंना फोन लावला. त्या निबंधावर त्यांचंही नाव होतं, त्यांची संमती हवी होती. तिने सगळं सांगितलं.

“साक्षीदार सापडला म्हणतेस?” मोठ्या बाईंनी विचारलं.

“हो.”

“चला, मी लोकांच्या शिव्या खाऊन ती सवय लावली त्याचं सार्थक झालं. निबंध ज्यात छापून आला त्या मासिकाला पत्र लिही. माझी सही आज पाठवते. आणि समितीला जुनी यादी पाठवायचा विचार मनात आला का?”

“आला.”

“यायचाच. मलाही आला असता. पण बघ, दुसरीकडे कुठे तुझ्या टिपणताईसारखी एखादी पोर आठव्यांदा तेच करत बसली असेल. तिचे दहा दिवस तू का घेणार?”

आईने फोन ठेवला, कप्प्यातून पेन काढलं आणि माझ्यासमोर आली.

“पट्टी देऊ?” भिंगरीने विचारलं.

“नको. हातानेच.”

आणि आईने सातवी ओळ खोडली. एकच रेघ, खालची अक्षरं वाचता येतील अशी. बाजूला लिहिलं: ‘मागे घेतला. सीरम गाळलेलं नव्हतं. चूक माझी.’ मला वाटलं होतं दुखेल. पण गंमत सांगू का, हलकं वाटलं. सोळा वर्षं पोट आत ओढून उभं राहिल्यावर कुणी म्हणावं, सोड आता, तसं. दुसऱ्या दिवशी मासिकाला पत्र गेलं आणि ठरल्या दिवशी समितीपुढे मी गेले, रेघेसकट.

समितीने मला या वेळी वाचलं. अगदी पहिल्यांदा कुणीतरी मला ओळीओळीने वाचलं. सातवीपाशी तर तीन जण डोकी एकत्र करून बसले. आणि मग त्यांनी प्रमुखपदासाठी दुसऱ्या एका प्राध्यापकांना निवडलं. रेघेमुळे की आणखी कशामुळे, ते त्यांनी सांगितलं नाही. आई “ठीक आहे” म्हणाली, पण दोन दिवस ती भांडी जरा जोरातच ठेवत होती. बाबांनी त्या दोन दिवसांत एकही विनोद केला नाही, यावरून काय ते समजा.

तिसऱ्या दिवशी एक ईमेल आली. आई ती टेबलावर वाचू लागली आणि वाचता वाचता थांबली. मग तिने फोन भिंगरीकडे सरकवला. “तू वाच. मोठ्याने.”

भिंगरीने वाचलं:

‘तुम्ही मला ओळखत नाही. मी दुसऱ्या देशात पीएचडी करते. तुमचा निबंध मागे घेतल्याची सूचना आज मासिकात पाहिली. गेली दोन वर्षं मी तुमचा प्रयोग करून बघतेय आणि माझ्या पेशी वाढत नाहीत. माझ्या सरांना वाटलं मी निष्काळजी आहे. मलाही तसंच वाटलं. मला वाटलं माझे हातच या कामाचे नाहीत. पुढच्या महिन्यात मी हे सगळं सोडणार होते, अर्ज लिहून ठेवला होता. आज तो फाडला. माझे सर माझ्या टेबलाशी आले आणि सॉरी म्हणाले. माझं काहीच चुकलेलं नव्हतं, हे मला तुम्ही सांगितलंत. आभार कसे मानायचे ते कळत नाही.’

भिंगरीने ती ईमेल पुन्हा वाचली, या वेळी मनात. मग खोलीत जाऊन ती छापून आणली आणि माझ्या शेजारी, त्याच लोहचुंबकाखाली लावली. इतकी वर्षं मी एकटी होते, आता शेजार मिळाला. बाबांनी ती चष्मा लावून वाचली. “घ्या,” ते म्हणाले, “हिच्या पेशींना शेवटी तोंड फुटलं.”

आई इतकी हसली की तिला ठसका लागला.

आणि टिपणताई? तिने आपली वही पहिल्या पानापासून पुन्हा चाळली. जे आठ वेळा फसलं असं तिला वाटत होतं, ते आठही वेळा बरोबरच आलं होतं. हार्मोन काढलं की पेशी बसून राहतात, मरत मात्र नाहीत. मग त्या बसून कुणाची वाट बघतात? हा प्रश्न आजवर कुणाला सुचलाच नव्हता, कारण सगळे सातवीच्या मागे धावत होते. शनिवारी ती भांडारकाकांना घेऊन घरीच आली. तिला तो प्रश्न फोनवर सांगवेना. काका सोबत एका डब्यात साक्षीदाराची रिकामी बाटली घेऊन आले होते, धुऊन, पुसून. “शोभेला ठेवा,” ते म्हणाले. आई आणि टिपणताई जमिनीवर कागद पसरून बसल्या, आणि भिंगरी त्यांच्यामध्ये आडवी पडून विचारत राहिली, “पण मग असं का? पण मग तसं का नाही?” कुणी तिला गप्प केलं नाही. दोनदा तर टिपणताईने तिचा प्रश्न वहीत लिहून घेतला, वेळेसकट.

मित्रांनो, मला तुमच्याकडे एक मागणं आहे. कुणाची यादी हातात आली तर नुसती मोजू नका, थोडी वाचा. तिच्यात खोडलेली ओळ दिसली तर हसू नका, तिथे बोट ठेवून थांबा. ती रेघ ओढायला किती बळ लागतं ते मी जवळून पाहिलंय. तुमच्या वहीतही अशी रेघ असेल तर ती पांढऱ्या शाईने झाकू नका. आणि काम झाल्यावरच खूण करा, बरं का, आधी नाही.

काल संध्याकाळी भिंगरी शाळेतून आली, दप्तर टाकलं आणि फ्रिजसमोर उभी राहिली. फ्रिज उघडला. लोणी काढलं. दार लावून माझ्याकडे पाहिलं, सातवीवरून बोट फिरवलं आणि आतल्या खोलीकडे तोंड करून हाक मारली, “आई, बाबा, दोघंही इकडे या जरा.”

आई ओले हात पुसत आली. बाबा एक कवळी हातात घेऊनच आले. भिंगरीने दप्तरातून विषयनिवडीचा फॉर्म काढला आणि टेबलावर ठेवला.

“मी पुढच्या वर्षी विज्ञान घेणार आहे,” ती म्हणाली. “बावन्न पडतील. कधी अठ्ठेचाळीसही पडतील. माझ्याकडून चुका होतील आणि त्या मी तुम्हाला याच टेबलावर सांगेन. फॉर्म मी पेनाने भरलाय. तुम्ही फक्त सही करा, मी विचारत नाहीये, सांगतेय.”